पाण्याला भिणारी वापसी

यो-यो हा शब्द आमच्या गावात कोणाच्या तोंडी बसलाच नाही. दोरीवरून खाली जाते आणि वापस येते, म्हणून सगळे तिला 'वापसी' म्हणत. प्लास्टिकच्या दोन लहान वाट्या पाठीला पाठ लावलेल्या, मधे लाकडाची खुंटी आणि खुंटीला बांधलेला दोरा, एवढाच तो ऐवज. लाल असायची, पिवळी असायची, आणि एक हिरवट, जी कोणीच घेत नसे. एवढ्याशा खेळण्याला मी जेवढी भ्याले तेवढी पुढे सापालाही भ्याले नाही. आणि आमच्याकडच्या कपाशीच्या वावरात सापांचा काही दुष्काळ नाही.

गाव वर्ध्याहून चालत जाता येईल एवढ्या अंतरावर. नाव सांगत नाही, कारण तिथे अजून त्याच लोकांची नातवंडं राहतात आणि त्यातली काही माझ्याशी बरी बोलतात. माझा बा नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आला, त्याच्या पुढच्या हिवाळ्यातली ही हकिकत. परत आल्यावर त्याने पहिलं काय केलं असेल, तर मेलेली ढोरं ओढायचं काम सोडलं. गावाने 'बरं' म्हटलं. भांडण नाही, तंटा नाही. फक्त त्या दिवसापासून बाला दुसरं कुठलंही काम मिळेनासं झालं. मायला मात्र कापूस वेचायला बोलावणं येई, कारण बोंड फुटलं की ते कोणाच्या रुसव्याफुगव्यासाठी थांबत नाही.

मग बाने नागपूरच्या इतवारीतून फण्या, आरसे, रिबिनी, सुया असा माल आणून आठवडी बाजारात पोत्यावर मांडायला सुरुवात केली. तिथे आमचा एक नातलग हमाली करायचा, त्याच्या ओळखीने माल मिळे. पण फणी काय, कोणाकडेही मिळते. बायका पोत्याकडे बघत आणि पुढे जात. बा दिवसभर उन्हात बसून संध्याकाळी होता तसा माल बांधून आणायचा.

त्याच सुमाराला वर्ध्याला टुरिंग टॉकीजच्या तंबूबाहेर एक काळा कोट घातलेला माणूस वापसीचे खेळ दाखवून गेला. तो वापसी खाली सोडून तिथेच झोपवायचा, मग नुसतं बोट हलवून उठवायचा, जमिनीवरून चालवायचा, डोक्यावरून फिरवायचा. आमच्या गावची पोट्टी ते बघून आली आणि त्यांच्या अंगात आलं. जेवण नको, शाळा नको, वापसी पाहिजे. वर्ध्याच्या दुकानांतला माल बघता बघता संपला, आणि नागपूरहून माल आणणारा आसपासच्या गावांत एकच माणूस होता. माझा बा.

बाजाराच्या दिवशी बा पोतं पसरायच्या आधीच पोरांचा घोळका उभा असायचा. नाणं वरून पोत्यावर टाकायचं, वापसी पोत्यावरूनच उचलायची. हाताला हात लागू द्यायचा नाही, हे त्या पोरांना कोणी नव्याने शिकवलेलं नव्हतं. पुढे तर बाजार नसलेल्या दिवशीही ती नाला ओलांडून आमच्या वस्तीत येऊ लागली. ज्यांचे बाप-आजे कधी नाल्याच्या अलीकडे आले नव्हते, ती पोरं आमच्या दाराशी उभी राहून "वापसी हाय का?" म्हणून ओरडत. मला गंमत वाटे. बाला नाही वाटायची.

"घरी नोको येत जाऊ रे बाप्पाहो, बाजारात येजा," तो हात जोडून सांगायचा. आणि पोरं गेली की मायला म्हणायचा, "उद्या एखादं पोट्टं नाल्यात घसरलं, तं कोणाच्या नावानं बोंब होईन?"

पोट्टं नाल्यात घसरलं नाही. वापसी फुटली. पहिली फुटली ती किराणा दुकानदाराच्या मुलाची. जोरात खाली सोडली, वर येता येता खुंटीतून सुटली आणि एक वाटी सणसणत जाऊन कंदिलाच्या काचेवर बसली. बाने न मागता दुसरी दिली. एखादा नग खराब निघतोच. मग दुसऱ्या घरची सुटली, मग तिसऱ्या. कोणाच्या गालाला लागली, कोणाच्या आजीच्या ताटात पडली. बा नागपूरला जाऊन व्यापाऱ्याला फुटके तुकडे दाखवून आला. व्यापारी म्हणाला, "प्लास्टिक है भाई, लोहा थोडी है? बच्चे पटकते होंगे." बा आपला गुमान परत आला. त्यानंतर तो एकेक वापसी गुडघ्यात धरून दोन्ही हातांनी ओढून बघायचा आणि मगच विकायला काढायचा. ओढताना एकही सुटत नसे.

खरी भीती ह्याची नव्हती. खरी भीती अशी की आमच्या वस्तीतली एकही फुटत नव्हती. आमची पोरं काय फुलासारखी खेळत होती? दगडावर आपटत, एकमेकांच्या वापस्यांची टक्कर लावत, तरी त्यांना काही होत नसे. शेवटी बाने ती न खपलेली हिरवट वापसी मला दिली आणि म्हणाला, "फोडून दाखव." मी ती विहिरीच्या कठड्यावर आपटली, गोल फिरवून भिंतीवर मारली. कडा झिजल्या, पण वाट्या सुटायला तयार नाहीत. आपली वस्तू फुटावी म्हणून देवाची करुणा भाकायची पाळी आमच्यावर आली होती, आणि देवही आम्ही नुकतेच सोडलेले.

गावात बोललं जाऊ लागलं. नाल्यावर कपडे धुताना मायच्या कानावर आलं, "आमाले फुटका माल देते, अन् आपल्या लोकायले चांगला." दुसरी म्हणाली होती, "फुटका नाई व, मंतरून देते." मायने घरी येऊन ते सांगितलं तेव्हा तिच्या हातातले पिळे तसेच राहिले होते. पलीकडच्या एका गावात ह्याहून लहान गोष्टीवरून आमच्या लोकांच्या कडब्याच्या गंजी पेटल्या होत्या. आदल्या उन्हाळ्यात ती माणसं आमच्याकडे दोन घास खाऊन पुढे गेली होती, आणि त्यांच्यातली एक म्हातारी जेवताना सारखी दाराकडे बघत होती, ते मी पाहिलं होतं. मीही आता तशीच जेवू लागले.

आणि मग मालगुजाराच्या, म्हणजे गावच्या जमीनदाराच्या, नातवाला लागलं. मालगुजारी सरकारने काढून घेतली होती, पण माणूस मालगुजारच राहिला होता. नातू एकुलता एक, माझ्याच वयाचा. वापसी वर खेचली आणि सुटलेली वाटी त्याच्या भुवईवर बसली. रक्ताने सदरा भिजला म्हणे. बोटभर खाली बसती तर डोळा गेला असता. दुपारी मालगुजाराचा गडी नाल्याच्या पलीकडच्या काठावर येऊन उभा राहिला आणि तिथूनच ओरडला, "सकाळी वाड्यावर ये. मालकानं बलावलं हाय." फुटलेले तुकडे त्याने आमच्या बाजूला भिरकावले. ते गोळा करून बा घरी आला आणि जमिनीवर मांडून बसला.

माय गाठोडं बांधायला लागली होती. सिंदी मेघेला माझा मामा राहायचा, तिकडे निघून जाऊ, असं ती सारखं म्हणत होती. बाचं लक्ष नव्हतं. त्याने खुंटी नाकाशी नेली, अंगठ्याने दाबली.

"सरस हाय," तो म्हणाला. "खुंटी सरसानं चिटकवली हाय. आन् हे पाह्य, लाकूड फुगलं हाय. पाण्यानं सरस सुटला."

सरसाचा वास बाला कोणी ओळखायला शिकवायची गरज नव्हती. कातडी आणि हाडं उकळून सरस करतात. ज्या कामाला त्याने रामराम ठोकला होता, त्याचाच तो वास.

"पर पाणी लागलं कुठी?" बा म्हणाला. "पाऊस नाई, काई नाई. हे पोट्टे का पाण्यात खेळून राह्यले?"

तेव्हा मला आठवलं. मायबरोबर कापसाचं गाठोडं घेऊन मी मालगुजाराच्या मागच्या अंगणात गेले होते. तिथे मालगुजारीणबाई एका तांब्याच्या घंगाळापुढे बसल्या होत्या. घंगाळात पाणी, पाण्यावर तुळशीचं पान, आणि तळाशी लाल वापसी. मला वाटलं होतं, खेळणं मळलं असेल, धुऊन घेताहेत. मी ते सांगितलं आणि माय गाठोड्याची गाठ मारता मारता थांबली. ती लगेच समजली.

विटाळाचे नियम गावात सगळ्या बायकांना पाठ. आमचा हात लागला तर तांब्या-पितळेची वस्तू राखेने घासून घ्यायची, कापड धुऊन वाळवायचं, मातीचं भांडं फेकून द्यायचं. पण प्लास्टिकचं काय करायचं हे कोणाच्याच आजीने सांगून ठेवलं नव्हतं. ते मातीत धरायचं की धातूत? फेकावं तर पोरगं घर डोक्यावर घेईल. म्हणून घरोघरी बायकांनी आपापल्या मनाने ठरवलं, की जितकं जास्त भिजवू तितकं चांगलं. सोवळं जितकं कडक, तितकी वापसी लवकर सुटे. आणि आमच्या वस्तीत आमचा विटाळ आम्हाला होत नसल्याने आमच्या वापस्या ठणठणीत होत्या.

मला हसू आलं. मी मोठ्याने हसलेसुद्धा. पण दोघांपैकी कोणीच हसलं नाही.

"आता तं लयच कठीण झालं," बा म्हणाला.

कठीण का, ते मला मायने समजावलं. शिवाशीव पाळणं हा आता गुन्हा झाला होता, सरकारने तसा कायदा केला होता. शाळेच्या गुरुजींनी तो चावडीवर वाचून दाखवला होता आणि मालगुजारानेही ऐकला होता. 'तुम्ही धुता म्हणून फुटते' असं बाने वाड्यावर म्हटलं, तर त्याचा अर्थ एकच निघणार होता, की हा माणूस उद्या आम्हाला कोर्टात खेचणार. आणि त्यानंतर आमच्या घरावरचं गवत किती दिवस शाबूत राहिलं असतं ते कोणी सांगावं?

"मंग बोलूच नोको," माय म्हणाली. "चूक झाली म्हण, पाय धर, धंदा सोड. उद्याच भावाकडे जाऊ."

"अन् ज्या इकल्या त्याचं काय?" बा म्हणाला. "गावभर वापस्या हायेत. रोज बुडवून राह्यले. एखाद्या लेकराचा डोळा जाईनच. मंग सिंदी मेघे काय, आपण कुठीबी गेलो तरी येतीन."

सकाळी मायने माझी वेणी घातली आणि मलाही बाबरोबर पाठवलं. पोरीच्या समोर बापावर हात उगारणार नाहीत, असा तिचा हिशोब. मला तर वाटलं, एकट्या बाला मारून त्यांचं समाधान झालं नाही तर दुसरं कोणी हाताशी असावं म्हणून मला पाठवलं आहे. बाने कापडात गुंडाळून एक नवी लाल वापसी बरोबर घेतली होती. वाटेत तो ओठांतल्या ओठांत काहीतरी पुन्हा पुन्हा म्हणून बघत होता. नाला ओलांडताना त्याने माझा हात धरला, तर त्याचाच तळवा घामाने ओला.

मालगुजार ओसरीवर खुर्चीत बसला होता. आम्ही खाली अंगणात. पूर्वी बा तिथे गेला की कमरेत वाकून जमिनीला हात लावून जोहार करायचा. त्या दिवशी त्याने नुसते हात जोडले, आणि मालगुजाराने ते पाहिलेलं मी पाहिलं. बैलांच्या कोठ्यापाशी कालचा गडी काठी घेऊन उभा होता. दाराच्या चौकटीत मालगुजारीणबाई, आणि त्यांच्या लुगड्याला धरून तो नातू, कपाळावर हळद भरलेली पट्टी. त्याचं सगळं लक्ष बाच्या हातातल्या कापडाकडे होतं.

"काऊन बे," मालगुजार म्हणाला, "लेकरायचे डोळे फोडाले बसतं का बाजारात?"

"नाई, मालक."

"मंग तुमच्या वस्तीतल्या काऊन फुटत नाई? आमाले निवडून देतं का?"

बा थोडा पुढे वाकला. मला वाटलं, तो आता पाय धरणार. मग त्याने खाली बघतच सांगितलं.

"मालक, हे वापसी पाण्याले भिते. मधात सरस हाय. कोरडी राह्यली तं दगडावर आपटा, काई होत नाई. भिजली का सुटते."

"सरस म्हंजे काय?" मालगुजारीणबाईंनी दारातून विचारलं.

"डिंकच असते, बाईसाहेब. झाडाचा," बा म्हणाला. माझा बा खोटं बोलताना मी त्यापूर्वी कधी ऐकला नव्हता.

"आन् पाण्यात कोण टाकन तिले?" मालगुजार म्हणाला. "खेळणं हाय का मासोळी?"

बाने वाटेत जे घोकलं होतं ते हेच असावं. तो लगेच म्हणाला, "पोट्टे नाल्यावर नेत असतीन, मालक. लेकरंच ते. पाण्यात हात घालतेच."

मालगुजाराची मान जराशी हलली. त्याला पटलं होतं, किंवा पटवून घ्यायचं होतं. आणि तेवढ्यात तो नातू खणखणीत आवाजात म्हणाला, "मी नाई नेत नाल्यावर. आजीच बुडवते. तुळशीचं पान टाकून, रोज."

मालगुजारीणबाईंचा चेहरा आधी लाल झाला, मग उतरला. गड्याने काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. माझी चड्डी ओली झाली. हे सांगायला आता लाज वाटत नाही, तेव्हा त्याचीसुद्धा भीती वाटली, की त्यांचं अंगण माझ्यामुळे आणखी बाटलं. मालगुजार बाकडे बघत होता, आणि तो आता काय बोलणार त्यावर आमचं घर, बाजारातलं पोतं, सगळं अडलेलं होतं.

बोलला बाच. "मी काई आयकलं नाई, मालक. मी फक्त सरसाचं सांगाले आलतो."

मालगुजार खुर्चीत मागे टेकला. त्याने बरंच खाकरून घेतलं. मग मागे न वळताच म्हणाला, "आयकलं का व? हे बुडवाची नाई. लेकराचा डोळा जाईन." आणि बाला म्हणाला, "नवी आनली का?"

बा कापड सोडून वापसी ओसरीच्या कडेला ठेवायला वाकला. पण पोरगं कुठलं थांबतं! त्याने धावत येऊन ती बाच्या हातातूनच ओढून घेतली. बोटाला बोट लागलं. त्या मुलाला कळलंही नाही. बाने मात्र चटका बसावा तसा हात मागे घेतला आणि तो हात त्याने परत येईपर्यंत सदऱ्याच्या आत धरून ठेवला.

घरी आल्यावर मायने बाच्या पाठीवरून, डोक्यावरून हात फिरवून बघितलं, कुठे लागलं तर नाही. मग तिने गाठोडं सोडलं. त्या दिवसापासून बा प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगू लागला, "कोरडी ठेवजो बाप्पा, पाणी लागू नोको देजो." बाकी काही नाही. वाड्यातून शब्द गेला असावा, कारण वापस्या फुटायच्या थांबल्या. गावाचे डोळे वाचले. पोरांचं वेड तर दुप्पट झालं. बा मागच्यापेक्षा मोठी पेटी आणू लागला, आणि रात्री झोपेत दचकणं त्याने हळूहळू सोडलं. मी मात्र अजून दाराकडे बघत जेवायची.

पौषातली गोष्ट. त्या वर्षी थंडी अशी होती की सकाळी कापसाची बोंडं वेचताना बोटं वाकत नसत. पहाटेच वेचलेल्या कापसाचं गाठोडं घेऊन मी आणि माय वाड्याच्या मागच्या अंगणात गेलो. आदल्या दिवशी दोरा तुटला म्हणून मालगुजाराचा नातू सकाळी सकाळी आमच्या वस्तीत येऊन बाकडून नवा बांधून घेऊन गेला होता. तो विहिरीजवळच्या धोंड्यावर उघडाबंब उभा होता. मालगुजारीणबाई बादलीतून तांब्यावर तांब्या त्याच्या डोक्यावर ओतत होत्या. दात वाजत होते त्याचे. वापसी धुणं त्यांनी बंद केलं होतं. आता त्या नातू धूत होत्या. नंतर कळलं की घरोघरी हेच चाललं होतं, आणि बाजाराच्या दिवशी गावातली निम्मी पोरं संध्याकाळी ओल्या डोक्याने हिंडायची. मला इतका राग आला की भीती कुठे गेली ते कळलं नाही. मायने माझा दंड धरून दाबला.

त्या मुलाने एक हात डोक्यावर ताठ उंच धरला होता आणि मुठीत ती लाल वापसी होती. आजी एका हाताने पाणी ओतताना दुसऱ्याने त्याचा तो हात जपून आणखी वर करत होती. मला बघून तो हसला.

"पाह्य व," तो ओरडून म्हणाला, "एक थेंब नाई लागला इले!"

त्याचे ओठ निळे पडले होते.